सारंगी कोणत्या दुकानातून घ्यावी

२ सप्टेंबर २०१२, रविवार. दारव्हा

फरहा काल नागपूरला परत गेली. ती शिकवते त्या शाळेला सुट्टी नाही. जाताना तिचा जुना लॅपटॉप, त्याला लावायची नेटची काडी आणि ही डायरी ठेवून गेली. म्हणाली, "अब्बा, रिकामे बसून तुमी अम्मीले सतावता. त्याच्यापेक्षा लिहीत जा." माझी शाळा मराठीत झाली. घरात बोलणं कसंही मिसळून होत असलं तरी लिहायला घेतलं की मराठीच उतरते.

लिहायचं काय? सहकारी जिनिंग बंद पडून तीन हंगाम झाले. मिसरूड फुटल्यापासून मी तिथं फिटर. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या रांगेतून नुसता चालत गेलो तरी कोणत्या रेच्याचं बेअरिंग बसत आलंय ते ऐकून सांगत असे. लोक म्हणत, हाफिजभाईच्या कानातच पाना आहे. आता फाटकाला कुलूप आहे. कापसाच्या गाड्या आदिलाबादकडे पळतात आणि अर्ध्या शेतात सोयाबीन उभं आहे.

पण एक ठरवलं. जन्मभर गोंगाट ऐकला, आता सारंगी ऐकणार. लहानपणी उरुसाला एक बुजुर्ग सारंगिये यायचे. वर, अगदी वर जाऊन एका सुरावर ते थांबायचे आणि सगळी माणसं श्वास धरून बसायची. कारखान्यात असताना ते ऐकायला ना वेळ होता ना जागा.

६ सप्टेंबर, गुरुवार

माझी बायको शमसू, तिच्या भावाच्या, साजिदच्या मोबाइलच्या दुकानात गेलतो. तो लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून देतो. मला म्हणाला, "दूल्हेभाई, कार्ड आना इकडे. हजार गाणे टाकून देतो, सारंगी गिरंगी सगळी." मी म्हटलं, मला हजार नको, एक पाहिजे, पण पक्की पाहिजे.

त्यानं शोधून एक लावली. घोंगडीत गुंडाळून वाजवल्यासारखी. मी म्हटलं, ही कॉपीची कॉपी आहे, हिच्यात सारंगीचा जीवच नाही. साजिदनं कानाला लावून पाहिलं आणि खांदे उडवले. चोरीच्या मालाचं हे असंच असतं. आता नेटवरच्या दुकानातून रीतसर विकत घेणार.

१३ सप्टेंबर, गुरुवार

आठवडाभर दुकानंच पाहून राह्यलो. लाइट गेली की बॅटरीवर पाहतो, बॅटरी गेली की विचार करतो. शमसू म्हणते, पोरीसाठी नवरा पाहताना एवढे फिरले नाही तुमी.

पहिलं दुकान स्वस्त. पण तिथलं गाणं फक्त त्यांच्याच खिडकीत वाजते. उद्या लॅपटॉप बदलला तर गाणं गेलं. हे म्हणजे रेचा विकायचा आणि पट्टा मालकानं आपल्याच घरी ठेवायचा.

दुसरं परदेशी. माल उत्तम दिसतो, पण आपल्याकडचं बँकेचं कार्ड ते घेत नाहीत.

तिसऱ्यात महिन्याचे पैसे भरा आणि पाहिजे तेवढं ऐका. भरणं बंद केलं की सगळं मुकं. याला विकणं म्हणत नाहीत, भाड्यानं देणं म्हणतात.

चौथं बरं आहे. साधी फाईल देतात, ती आपली झाली, कशावरही वाजवा. मुंबईच्या दोन-चार पोरांनी काढलेलं छोटं दुकान आहे. त्यांनी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्यात, त्यात फुशारकी नाही.

फरहाला फोन करून तिच्या कार्डाचा नंबर घेतला. टॉवर इतका खराब की सात म्हणते की आठ म्हणते की साठ, काही पत्ता लागेना. दोनदा नंबर चुकला. शेवटी शमसूनं फोन घेतला आणि एका दमात लिहून दिला. बायकांचा आवाज बायकांना लवकर समजत असावा.

२२ सप्टेंबर, शनिवार

सारंगी लॅपटॉपवर उतरली. हेडफोन लावला.

खालचे सूर आहेत. मधले आहेत. पण तो माणूस वर चढू लागतो आणि शेवटच्या पायऱ्यांवर कुणीतरी दार लावून घेते. तबला चालू राहतो, सारंगी गायब. मग उतरताना पुन्हा भेटते. तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा तसंच.

दुकानाला लिहिलं. सरळ लिहिलं की मी फिटर आहे, माझे कान कामाचे आहेत, तुमच्या फाईलीतून वरचा सूर कापला गेला आहे, दुसरी द्या.

यंदा मच्छर फार कमी आहेत. संध्याकाळी रातकिडेही नाहीत. कपाशीवर इतकी फवारणी चालते, मेले असतील. शमसूला सांगितलं तर माझ्याकडे पाहत राहिली. अलीकडे ती तोंडातल्या तोंडात बोलते. वय झालं तिचंही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. सलोनी नावाची कुणी मुलगी आहे तिथं. तिनं लिहिलं, "सर, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि ही फाईल वेगवेगळ्या हेडफोनवर ऐकली. आम्हाला तरी वरचे सूर पूर्ण ऐकू येतात. तुमचे पैसे परत करत आहोत, फाईल तुमच्याकडेच राहू द्या. एक विनंती आहे, राग मानू नका. तुमच्या घरी दुसऱ्या कुणीतरी ती ऐकून पाहावी."

राग कसा नाही मानायचा? कालची पोरं मला सांगतात की दुसऱ्याला विचारा. पैसे परत केले म्हणजे चूक त्यांचीच आहे, एवढं तर कुणालाही समजते. त्या दुकानाचं नाव यादीतून काढून टाकलं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

तेच वादन पहिल्या दुकानातून घेतलं. नाइलाजानं. तिथंही वरचा सूर नाही. आता माझ्या लक्षात आलं. दुकानं वेगळी असली तरी माल एकाच कंपनीकडून येतो. मूळ टेपच खराब झाली असणार आणि सगळे तीच विकून राह्यले.

शमसू मागं उभी राहून ऐकत होती. एक बाजू हेडफोनची तिनं स्वतःच्या कानाला लावली होती. मग काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? तर माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "चहा ठेवू काय?" एवढं विचारायला एवढा विचार कायले लागते.

झोप लागत नाही. अंगणात येरझारा घालतो. एक गोष्ट मनासारखी ऐकायची म्हटली, तीही मिळू नये.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आज घनश्यामशेठ स्वतः घरी आले. यवतमाळ रोडला त्यांनी छोटी जिनिंग टाकली आहे. लोक कापूस सोडून राह्यले अशा दिवसांत हा माणूस जिनिंग टाकतो, छाती आहे. म्हणाले, "हाफिजभाई, नवे फिटर मशीन उघडल्याशिवाय बोलतच नाही. मले तुमच्यासारखा पाहिजे, कानानं सांगणारा."

शमसू आतल्या दारात उभी होती. शेठ गेल्यावर म्हणाली, "नका जाऊ."

"काहून?"

"वय झालं तुमचं. धूळ राह्यते तिथं."

इतकी वर्षं धुळीतच कमावलं ना? मी ऐकणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. पान्यांची पेटी काढली, तेल लावून पुसली.

२८ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्यापासून रेचे चालू झाले. काल बकरीद होती. फरहा आली होती. ईदच्या नमाजाहून आल्यावर लगेच जिनिंगवर चक्कर टाकली, तर शेठ हसले. म्हणाले, ईदच्या दिवशी तरी घरी राहा.

पट्टे फिरू लागतात, सरकी खाली पडते, रुई पुढं सरकते, आणि मी मधून चालतो. मला वाटलं होतं मी म्हातारा झालो. नाही झालो.

फरहा म्हणते मी टीव्ही फार मोठा लावतो. म्हणाली, "अब्बा, मी तीनदा आवाज दिला." मी म्हटलं, पाठीमागून दिला असेल. ती आणि शमसू स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. मी गेलो की गप्प. तिच्या लग्नाचं काही असेल.

सारंगीला हात लावला नाही. फुरसत नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

लिहावं की नाही ते समजत नाही.

सकाळी शेठचा मुलगा अमर माझ्याकडे आला. इंजिनिअरिंग शिकून आलाय, हिशेब पाहतो. म्हणाला, "चाचा, चार नंबरमधून शिट्टी येऊन राह्यली. बंद करून पाहायचं काय?"

मी चार नंबरजवळ जाऊन उभा राहिलो. कान लावला. रेचा नीट चालत होता, बाकीच्यांसारखा. मी म्हटलं, "बाबा, शिट्टी कुठी आहे यात? मी या मशीनांत म्हातारा झालो." दोन-चार मजूर बायका हसल्या. अमर निघून गेला.

दुपारी चार नंबरचं बेअरिंग बसलं. ठिणगी उडाली आणि रुईनं पेट घेतला. रुई पेटते तेव्हा आवाज करत नाही, नुसती पसरते. पाणी, रेती, पोती, जे हातात आलं ते टाकलं. आग विझली. पण तानाबाई त्या रेच्यावर कापूस टाकत होती. तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

शेठनी तानाबाईला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

घरीच आहे. अमर सगळीकडे सांगत असेल की त्यानं आधीच सांगितलं होतं. बेअरिंग अचानकही बसते. शिट्टी असती तर मला आली नसती काय? त्या पोराचा भास होता आणि तो नेमका खरा ठरला, एवढंच.

शमसूला हेच दहा वेळा सांगितलं. दहाव्यांदा ती उठून स्वयंपाकघरात गेली.

८ नोव्हेंबर, गुरुवार

तानाबाईच्या घरी गेलतो. हाताला पट्टी, बाजेवर बसली होती. तिच्या सुनेनं पाणी दिलं. मी म्हटलं, "तानाबाई, मशीन एकदम बसली. कोणालेच समजलं नसतं."

ती म्हणाली, "शिट्टी तं वाजून राह्यली होती, भाऊ. सकाळपासून."

मी म्हटलं, "तुले ऐकू आली?"

"आमाले सगळ्यांइले आली. मी मोतीबाईले म्हणलं बी. पण तुमी कान लावून पाह्यलं आन काई नाई म्हणलं. मले वाटलं, हाफिजभाऊ म्हणते तं ठीकच असन."

ती हे रागानं बोलली नाही.

तिथून घरी कसा आलो ते आठवत नाही. रस्त्यावर एक ट्रक मागून येऊन अगदी जवळ थांबला, ड्रायव्हर तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. हॉर्न वाजवला असेल त्यानं.

घरी आलो आणि लॅपटॉप उघडला. ती पहिली फाईल लावली, ज्या दुकानाचं नाव मी काढून टाकलं होतं त्यांची. हेडफोन शमसूच्या कानाला लावला आणि तिच्यासमोर बसलो.

"खरं सांग. वरचा सूर आहे काय यात?"

तिनं डोळे मिटले. पुष्कळ वेळानं म्हणाली, "हाये."

"साफ?"

"साफ. आंगावर येते इतका साफ."

"तुले कधीपासून ठाऊक आहे?"

"सारंगीचं म्हणता की तुमचं?"

मी म्हटलं, माझं.

तर फरहा शाळेत होती तेव्हापासून, म्हणाली. कुकरच्या शिट्ट्या, दाराची कडी, फोन. म्हणून ती माझ्या समोर येऊन बोलायची. म्हणून जेवताना समोर बसायची. आणि ज्या दिवशी थकायची त्या दिवशी बोलायचीच नाही.

"मग सांगतलं काहून नाही?"

"सगळा दारव्हा तुमाले कानानं ओळखे. मी कोणत्या तोंडानं सांगू?" मग म्हणाली, "शेठ आले त्या दिवशी सांगाले पायजे होतं. तानाबाईचा हात माह्या जिवाले लागून राह्यला."

माझी चूक तिनं अशी अर्धी उचलून घेतली. ती मी घेऊ दिली नाही. म्हटलं, कान माझे, चूक माझी.

१७ नोव्हेंबर, शनिवार

फरहाला दिवाळीच्या सुट्ट्या. तिच्याबरोबर यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठा हेडफोन. आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं तपासणी संपली. बाहेर पाहिलं तर फरहा काचेला हात टेकवून उभी होती आणि डॉक्टर अजून मशीनचे खटके फिरवत होता.

त्यानं कागदावर रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग घाटासारखी खाली. म्हणाला, खालचे आवाज तुमचे शाबूत आहेत, वरचे गेले. कारखान्यातल्या माणसांचे असेच जातात, हळूहळू, माणसाला समजत नाही. विचारलं, कानात काही घालत होते का? फरहानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. चहूबाजूंनी कापूस होता आणि कानात बोळा घालायची आठवण एकालाही झाली नाही.

परत येतील काय? डॉक्टर म्हणाला, नाही.

येताना बसमध्ये फरहा रडली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. वेचायला आलेला कापूस झाडांवर तसाच होता.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाची मशीन लावून पाच दिवस झाले. चमचा ताटलीत पडला की कानात खिळा ठोकल्यासारखं होते. शमसूचे शब्द मात्र टोकापर्यंत येतात. ती पूर्वीपेक्षा खूप हळू बोलते. म्हणजे आधी इतकी वर्षं ओरडत होती.

सारंगी या मशीनमधून ऐकली. पत्र्याच्या डब्यात खडे. मशीन काढून ठेवली.

आज घनश्यामशेठकडे गेलो. अमरही बसला होता. सगळं सांगितलं, डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवला. अमरला म्हटलं, "तू खरं बोलला होता. मी तुले सगळ्यांसमोर खोटं पाडलं." तो उठून उभा राहिला. शेठ म्हणाले, तानाबाईचा दवाखाना आपण पाहून राह्यलो, ती कामावर येईल. मग म्हणाले, "या हंगामात नको, हाफिजभाई. पुढच्याचं पुढं पाहू." मी पान्यांची पेटी आणायला आत गेलो. चार नंबर नव्या बेअरिंगवर चालू होता. हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही.

तिथून तानाबाईकडे. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आता मले समजलं, तुमी रामराम काहून घेत नव्हते. आमी म्हणो, भाऊले लय गुर्मी हाये."

३ डिसेंबर, सोमवार

दिवस जात नाही. उठतो, बसतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. काल शमसू म्हणाली, "त्या दुकानाइचं काय झालं? सारंगी घेनार होते ना?"

मी म्हटलं, आता कोणत्याही दुकानातून घेतली तरी सारखीच.

"मंग सोपं झालं," म्हणाली. "सगळ्यात चांगला माणूस पाहून घ्या."

रात्रभर तेच डोक्यात राहिलं. सकाळी सलोनीला लिहिलं. लिहिलं की घरी दुसऱ्यानं ऐकून पाहिलं, तुम्ही लिहिलं ते बरोबर होतं, फाईलीत सूर आहे, दोष माझ्या कानाचा. परत केलेले पैसे घ्यावेत. आणि ज्यात सारंगी फार वर जात नाही, खालीच फिरते, असं काही असेल तर सांगावं.

संध्याकाळीच उत्तर. पैसे तिनं घेतले नाहीत. एका म्हाताऱ्या वादकाचं वादन सुचवलं, त्यानं खालच्या तारेवर फार वेळ काढलाय म्हणे. शेवटी लिहिलं होतं, "मात्र शेवटी तो एकदा वर जातोच. ते कापून देता येणार नाही, सर."

तेच दुकान ठरवलं. पुन्हा पैसे भरून ते वादन घेतलं. कार्डाचा नंबर शमसूनं टाकला.

९ डिसेंबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर लावली. हेडफोन नको म्हटलं, साजिदनं दिलेला छोटा स्पीकर लावला. शमसू सुपारी कातरत होती, ती ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. तिला गाण्याची कधीच हौस नव्हती.

खालची तार मला पूर्ण ऐकू आली. काही तुटलं नाही. माणूस विहिरीत बोलावा तसा तो आवाज होता, आणि तो घाई करत नव्हता. मीही बसून राहिलो, उठलो नाही.

मग तो वर निघाला. एक पायरी, दोन. मला ठाऊक होतं आता दार लागणार. लागलं. तबला तेवढा उरला. माझा हात बंद करायला पुढं गेला.

शमसूनं तो धरला आणि खाली ठेवला. माझ्या मनगटावर बोट टेकवलं.

"हाये," ती म्हणाली. "तिथंच हाये तो."

मी विचारलं, "कसा आहे?"

"थांबा. आता बोलू नका."

तिचे डोळे मिटलेले होते. मी स्पीकरकडे पाहणं सोडलं आणि तिच्याकडे पाहत बसलो. बोट दाबत गेलं, थोडं थरथरलं, पण उठलं नाही. बराच वेळ उठलं नाही. सूर फार लांबवला असावा त्यानं.